अलिबागेत भाड्याचे घर: संरक्षण नेमके कशात आहे?

जून जवळ आला की अलिबागेत घर शोधणाऱ्यांची वर्दळ वाढते. बदलीचा आदेश हाती पडलेले जिल्हाधिकारी कार्यालयातले आणि जिल्हा परिषदेतले कर्मचारी, जिल्हा रुग्णालयात रुजू होणाऱ्या परिचारिका, वैद्यकीय महाविद्यालयात आणि जेएसएम महाविद्यालयात शिकायला आलेली मुले, थळच्या आरसीएफ खत कारखान्यात नाहीतर डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर लागलेले तंत्रज्ञ, जिल्हा न्यायालयात उमेदवारी करणारे नवे वकील. शोध श्रीबाग, रामनाथ, ब्राह्मण आळीतून सुरू होतो आणि चेंढरे, पिंपळभाट, वेश्वी, कुरुळपर्यंत जातो. भाडे किती, डिपॉझिट किती, पाणी किती वेळ येते, हे तीन प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उद्या मालकाशी बिनसले तर कायदा आपल्या बाजूने किती उभा राहील, हा चौथा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

तो विचारायला हवा, आणि भाडेकरूइतकाच मालकानेही विचारायला हवा. भाडेकरूला संरक्षण दिले की मालकाचे नुकसान आणि मालकाला मोकळीक दिली की भाडेकरू रस्त्यावर, अशी मांडणी गेली पंचाहत्तर वर्षे होत आली आहे. दोन्ही बाजूंच्या भीतीला खरा आधार आहे. म्हणून कोणा एकाची बाजू घेऊन हा विषय सुटत नाही; कुठले संरक्षण खरोखर उपयोगी पडते आणि कुठले उलटते, हे तोलून पाहावे लागते.

महाराष्ट्रात भाड्याच्या घराला दोन वेगवेगळे कायदेशीर रूप असते आणि त्यांच्यातले अंतर फार मोठे आहे. पहिले रूप भाडेकरारीचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तो जिथे लागू आहे तिथल्या भाडेकरूला त्याने भक्कम कवच दिले. भाडेकरू भाडे भरत असेल आणि भरायला तयार असेल, तर त्याला सहजासहजी बाहेर काढता येत नाही. भाडे थकले तरी मालकाला आधी लेखी मागणी करावी लागते आणि ९० दिवस थांबावे लागते, मगच दावा लावता येतो. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत भाडेकरूने १५ टक्के व्याजासह थकबाकी भरली, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा जात नाही. भाडेवाढ वर्षाला ४ टक्के. पाणी, वीज, जिन्यातला दिवा तोडून भाडेकरूला हैराण करणाऱ्या मालकाला कलम २९ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भाड्याची पावती देणे बंधनकारक. मालकाने डागडुजी टाळली, तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मालकाला स्वतःच्या गरजेसाठी घर हवे असेल, तर न्यायालयाने कोणाला जास्त त्रास होईल हे पाहूनच निकाल द्यायचा, असेही हा कायदा सांगतो.

दुसरे रूप लिव्ह अँड लायसन्सचे. आज अलिबागेत नव्याने घर घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा याच नावाचा कागद पडतो. यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. घरात राहण्याची त्याला मुभा असते, पण घरात त्याचा हितसंबंध निर्माण होत नाही. कलम २४ नुसार मुदत संपली की त्याने घर सोडायचे. न सोडल्यास सोडेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई. मालकाला नेहमीच्या दिवाणी न्यायालयात वर्षे घालवावी लागत नाहीत. तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानाधारकाने शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरून घर रिकामे करण्याचा आदेश होतो. वर सांगितलेले कलम २९, ४ टक्क्यांची मर्यादा, डागडुजीचा खर्च वळता करण्याची सोय, हे सगळे कायद्याने भाडेकरूच्या नावाने लिहिले आहे. परवानाधारकाची व्याख्या त्याच कायद्यात वेगळी आहे, आणि वाद उभा राहिला की या वेगळेपणाचा फटका राहणाऱ्यालाच बसतो.

मग नव्याने घर शोधणाऱ्याने सरळ भाडेकरारीचाच आग्रह का धरू नये? धरून पाहावा. अलिबागेत तसे घर देणारा मालक भेटणे कठीण आहे, आणि त्याचे कारण मालकांच्या आडमुठेपणात शोधणे अन्यायाचे होईल. ते कारण इतिहासात आहे.

अलिबाग तालुका हा कुळांच्या हक्कांच्या लढ्याचा तालुका. चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी १९३९ पर्यंत हा संप चालवला. लाकडे विकून, मजुरी करून, अर्धपोटी राहून माणसे टिकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९३९ च्या कूळ कायद्यात संरक्षित कूळ आले, १९४८ चा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारा जमिनीचा मालक झाला. राज्यातल्या लाखो माणसांना ज्या संरक्षणाने ताठ उभे केले, त्याची एक मोठी मुळी या तालुक्यात आहे. अलिबागकराला याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

पण त्याच इतिहासाची दुसरी छाया घरांच्या बाजारावर पडली. जमीन दुसऱ्याच्या हाती दिली की कूळ लागते, हे तीन पिढ्यांनी पाहिले. तीच धास्ती घराला चिकटली. घर दुसऱ्याला राहायला दिले की ते परत मिळत नाही, असे मानणारा मालक आजही गावोगाव भेटतो. मुंबईच्या अनुभवाने ही धास्ती पक्की केली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत, फाळणीच्या उलथापालथीत ते आवश्यक होते. ते केले नसते तर गिरणी कामगाराला आणि कारकुनाला शहरात राहणेच अशक्य झाले असते. पण तात्पुरता उपाय अर्धे शतक चालला. चाळीचे भाडे इतके तुटपुंजे राहिले की डागडुजी कोणी करेना. पागडीचा व्यवहार रुजला. १९६९ मध्ये सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ आणि उपकर आणावा लागला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले की भाडे असे गोठवून ठेवणारी तरतूद काळाच्या ओघात मनमानी आणि अवाजवी झाली आहे. त्यानंतरच १९९९ चा कायदा आला.

या अनुभवाचे उत्तर मालकांनी आपापल्या परीने शोधले: घर रिकामे ठेवणे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी होती आणि त्यांतली मुंबईत सर्वाधिक, सुमारे ४ लाख ८० हजार. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने याचा संबंध भाडे कायद्यांशी आणि कराराच्या कमकुवत अंमलबजावणीशी जोडला. हे केवळ आपल्याकडचे नाही. बर्लिन शहराने फेब्रुवारी २०२० मध्ये भाडी गोठवली; एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. मधल्या काळात ज्यांच्याकडे घर होते त्यांची भाडी उतरली, पण नव्याने घर शोधणाऱ्यांसाठी जाहिरातीत येणारी घरे घटली. आत बसलेल्याला सगळे आणि दाराबाहेरच्याला काहीच नाही, अशी वाटणी झाली.

ही झाली मालकाची बाजू, आणि अलिबागेत ती आणखी नीट समजून घ्यायला हवी. इथला घरमालक बहुधा धनाढ्य गुंतवणूकदार नसतो. निवृत्त शिक्षकाने भविष्य निर्वाह निधीतून चेंढऱ्यात घेतलेला दुसरा फ्लॅट असतो. वरसोलीच्या कोळी कुटुंबाने मुलाच्या लग्नाआधी चढवलेला वरचा मजला असतो. नवऱ्याच्या माघारी एकट्या राहिलेल्या बाईचे महिन्याचे औषधपाणी त्या भाड्यावर चालते. तिचा भाडेकरू सहा महिने भाडे न देता बसला, तर तिला वकील लावणे परवडत नाही. मुदत संपल्यावर घर परत मिळेल याची तिला खात्री देणारा कलम २४ सारखा कायदा नसता, तर ती खोली तिने बंदच ठेवली असती. लिव्ह अँड लायसन्सने महाराष्ट्रात लाखो दारे उघडली, हे मान्य करावेच लागेल.

तरीही तराजूचे दुसरे पारडे आज फार वर गेले आहे, आणि अलिबागेत तर अधिकच. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईकराची गाडी आता सहज इथे पोचते. किहीम, आवास, नागाव, आक्षीच्या पट्ट्यात बंगले आणि होमस्टे वाढले. किनाऱ्याला सागरी किनारा नियमनाची बंधने असल्याने बांधकामाला जागा मोजकी. समजा, एखाद्या घराचे महिन्याचे भाडे दहा हजार आहे आणि तेच घर पर्यटकांना शनिवार-रविवारी रोज चार हजाराने जाते. महिन्यातले चार शनिवार-रविवार भरले तर बत्तीस हजार. साफसफाई, चादरी, एजंटाची दलाली आणि पावसाळ्यातले मोकळे आठवडे वजा केले तरी मोह उरतो. अशा वेळी वर्षभर राहणाऱ्या परिचारिकेच्या हाती अकरा महिन्यांचा कागद असेल, तर बाराव्या महिन्यात ती बाहेर जाते. तिने काहीही चुकीचे केलेले नसते. मुलाची शाळा, कामाची पाळी, रोजची ओळखीची माणसे, सगळे नव्याने जुळवायचे.

शिवाय लिव्ह अँड लायसन्सच्या कायद्यात एक मूळचा असमतोल आहे. मालकाला घर परत हवे असेल तर त्याच्यासाठी जलद वाट आहे: सक्षम प्राधिकारी, तीस दिवस, आदेश. परवानाधारकाला डिपॉझिट परत हवे असेल तर त्याच्यासाठी अशी वाट नाही. त्याने नेहमीचा दिवाणी दावा लावायचा, मुद्रांक भरायचे, तारखा घ्यायच्या. पन्नास हजारांसाठी, तेही पुढच्या गावी बदली झाल्यावर, कोण ते करील? रंग काढावा लागला, नळ गळत होता, भिंतीला खिळे ठोकले, अशी कारणे सांगून डिपॉझिटमधून रक्कम कापली जाते आणि माणूस गप्प बसून निघून जातो. मालकाची भीती कायद्याने ओळखली, तिच्यावर उपायही केला. राहणाऱ्याची भीती ओळखली, पण उपाय नेहमीच्या लांबलचक रस्त्यावर सोडून दिला. आजच्या व्यवस्थेचे मुख्य दुखणे हे आहे. भाडे गोठवण्याच्या जुन्या वादापेक्षा त्याकडे आधी लक्ष जायला हवे.

२०२० सालाने हे उघडे केले. टाळेबंदीत राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल रोजी मालकांना सांगितले की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नका. भावना योग्य होती. पण ती सूचना होती, तिच्यामागे तंटा ऐकणारी यंत्रणा नव्हती. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. कौले आणि पत्रे उडाले, माड घरांवर कोसळले, दिवसेंदिवस वीज नव्हती. छप्पर मालकाने दुरुस्त करायचे की राहणाऱ्याने? घर राहण्याजोगे नसेल त्या दिवसांचे भाडे द्यायचे का? अकरा महिन्यांच्या छापील मसुद्यांत याची उत्तरे शोधून सापडत नाहीत. ज्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात गळती होते आणि खाऱ्या हवेने स्लॅबच्या सळया फुगतात, तिथे हा प्रश्न दुर्मीळ नाही, वार्षिक आहे.

उपाय काय, याची एक दिशा केंद्र सरकारने दाखवली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको. घरात येण्याआधी मालकाने चोवीस तास आधी कळवायचे. मोठी दुरुस्ती, नळाच्या लाइनी आणि आतली-बाहेरची वायरिंग मालकाकडे; नळाचे वॉशर, स्विच, गटाराची सफाई राहणाऱ्याकडे. चक्रीवादळासारख्या आपत्तीत मुदत संपली, तर आपत्ती सरल्यावर एक महिना त्याच अटींवर राहू द्यायचे. जिल्हा पातळीवर भाडे प्राधिकारी, भाडे न्यायालय आणि न्यायाधिकरण, आणि तंट्याचा निकाल साठ दिवसांत. दोन्ही बाजूंना एकाच दारात दाद.

या मसुद्यावर टीकाही आहे आणि ती दुर्लक्षण्यासारखी नाही. भाडे किती असावे यावर त्यात मर्यादा नाही. ते दोघांनी ठरवायचे. मुदतीनंतर राहिल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट, म्हणजे महाराष्ट्राच्या कायद्याहून कडक. मुंबईच्या पागडीच्या घरांतल्या भाडेकरूंना धास्ती वाटते की नवा कायदा म्हणजे जुन्या संरक्षणाची अखेर. मसुदा पुढच्या करारांसाठी आहे, जुन्या भाडेकरारींना तो हात लावत नाही. पण एकदा दार उघडले की काय होईल, या शंकेला मुंबईतल्या माणसाकडे कारणे आहेत. उत्तर प्रदेश, आंध्र प्रदेश, तमिळनाडू, आसाम यांनी आपले कायदे या धर्तीवर बदलले. महाराष्ट्राने सगळा मसुदा जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही. जुन्या भाडेकरूंचे कवच पूर्ण अबाधित ठेवावे आणि लिव्ह अँड लायसन्सच्या चौकटीत तीन गोष्टी घालाव्यात: डिपॉझिटची मर्यादा, पाणी-वीज तोडण्याविरुद्धचे संरक्षण परवानाधारकालाही स्पष्ट शब्दांत, आणि डिपॉझिट व दुरुस्तीच्या तक्रारींसाठी मालकाइतकीच जलद वाट, तीही जिल्ह्याच्या ठिकाणी. यातली एकही गोष्ट प्रामाणिक मालकाचे काही हिरावून घेत नाही. घर परत मिळण्याची त्याची खात्री तशीच राहते. म्हणूनच या सुधारणेने घरे बंद होतील अशी भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही.

कायदा बदलेपर्यंत घर तर शोधायचेच आहे. आज हाती असलेल्या कायद्यातूनही पुष्कळ संरक्षण मिळवता येते. ते कागदात असते, आणि तो कागद नीट वाचावा लागतो.

पहिली गोष्ट नोंदणीची. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असे एजंट सर्रास सांगतात. नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून देशभर हा अकरा महिन्यांचा प्रघात पडला. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ सांगते की भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरायचे. ही तरतूद मालकांनीही वाचावी. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतल्याने आपण सुरक्षित झालो असे मानणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

खर्चाची सबबही टिकत नाही. मुद्रांक शुल्क आहे एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे वर्षाला १० टक्के कल्पित व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. महिना दहा हजार भाडे, पन्नास हजार डिपॉझिट, अकरा महिने: शुल्क येते तीनशे रुपयांच्या आत. नोंदणी फी शहरी भागात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. आता हाच करार छत्तीस महिन्यांचा केला तर? भाड्याचे तीन लाख साठ हजार, व्याजाचे पंधरा हजार, त्यावर पाव टक्का म्हणजे हजाराच्या आत. नोंदणी एकदाच. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी फी, एजंटाची नवी दलाली, यापेक्षा तीन वर्षांचा करार दोघांनाही स्वस्त पडतो. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतो. दर वर्षी पाच टक्के भाडेवाढ आधीच लिहून ठेवली की मालकाचेही नुकसान नाही.

अलिबागेत नव्याने घर घेणाऱ्याने भाडे दोन-पाचशेने कमी करून घेण्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा मुदतीसाठी करावी, असे आमचे मत आहे. दोन किंवा तीन वर्षांचा करार, त्यात पहिले वर्ष किंवा दीड वर्ष मालकाने घर परत मागायचे नाही अशी अट, राहणाऱ्याला बदली झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल अशी मुभा. याच एका अटीने शनिवार-रविवारच्या बाजारापासून घर काही काळ तरी सुरक्षित राहते. मालक एवढ्या मुदतीला तयार नसेल, तर त्याच्या मनात या घराचे दुसरे काही चालले आहे हे ओळखावे आणि दुसरे घर पाहावे.

दुसरी गोष्ट डिपॉझिटची. कलम २४ म्हणते की परवान्याच्या लेखी करारात जे लिहिले आहे तो त्या वस्तुस्थितीचा निर्णायक पुरावा. म्हणून पन्नास हजार देऊन कागदावर वीस हजार लिहू देणे म्हणजे उरलेले तीस हजार सोडून देणे. पूर्ण रक्कम बँकेतून द्यावी, करारात आकडा यावा, आणि किल्ली परत करण्याच्या दिवशीच ती परत मिळेल असे शब्द यावेत. ताबा घेताना प्रत्येक खोलीचे, नळाचे, खिडकीच्या गजांचे, छताच्या ओलीचे, महावितरणच्या मीटरवरच्या आकड्याचे फोटो काढावेत आणि मालकाला त्याच दिवशी पाठवावेत. सोडताना जी बाचाबाची होते ती निम्मी इथेच संपते.

तिसरी दुरुस्तीची. गळती, स्लॅब, बाहेरची वायरिंग, पाण्याची टाकी आणि पंप मालकाकडे. कळवल्यापासून पंधरा दिवसांत काम न झाल्यास राहणाऱ्याने करून घ्यावे आणि बिल भाड्यातून वळते करावे. वादळाने घर राहण्याजोगे उरले नाही तर तेवढ्या दिवसांचे भाडे नाही. भाडेकरूला कायद्याने जे दिले ते परवानाधारकाला करारातून मिळवता येते. तसे लिहायला कायद्याची आडकाठी नाही.

इमारत सहकारी संस्थेची असेल, तर आणखी एक अडथळा येतो. काही सोसायट्या अविवाहित मुलांना, एकट्या बाईला, विशिष्ट धर्माच्या किंवा मांसाहारी कुटुंबाला घर देऊ नका असे सभासदाला सांगतात. सभासदाने संस्थेला कळवायचे असते. राहणाऱ्याची जात किंवा ताट तपासण्याचा अधिकार संस्थेला त्यातून मिळत नाही. बिगर-वापर शुल्कही २००१ च्या शासन आदेशाने सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपुरते मर्यादित आहे. खासगी मालकाच्या मनातल्या भेदभावावर मात्र आदर्श कायद्याच्या मसुद्यातही उपाय नाही, आणि ती त्याची मोठी उणीव आहे. मासे खाणाऱ्यांच्या या किनाऱ्यावर, दर्यावर्दी आंग्र्यांच्या या गावात, माणसाला त्याच्या नावावरून दार बंद होणे आम्हाला लाजिरवाणे वाटते.

वाद उभा राहिलाच तर सरळ वकिलापर्यंत जाण्याआधी अलिबागच्याच न्यायालयाच्या आवारातले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आठवावे. दावा दाखल होण्यापूर्वीही तिथे तडजोडीचा प्रयत्न होतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्न मर्यादेतली कुटुंबे यांना तिथे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. आणि कुलूप तोडून, सामान बाहेर फेकून कोणाला काढले, तर विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ६ नुसार सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावता येतो. कायद्याचा मार्ग सोडून ताबा घेण्याचा हक्क मालकाला मालकी असूनही नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जाईल: छोट्या गावात माणसे ओळखीवर चालतात, इतका कागद मध्ये आणला की विश्वास संपतो. आम्हाला हे पटत नाही, तरी त्यातले खरेपण मान्य आहे. अलिबागेत आजही कितीतरी घरे चहाच्या पेल्यावर ठरतात आणि वीस-वीस वर्षे बिनतक्रार चालतात. मात्र ओळख ही फक्त गावच्या माणसाकडे असते. नांदेडहून बदलीवर आलेल्या लिपिकाकडे, जळगावहून शिकायला आलेल्या मुलीकडे, केरळहून आलेल्या परिचारिकेकडे ती नसते. त्यांना समान वागणूक देणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दोघांनी सह्या आणि अंगठे दिलेला नोंदणीकृत कागद. तो मालकालाही तितकाच सांभाळतो. मालकाशी चांगले संबंध असतील तर तो कपाटात पडून राहील. बिघडले तर दोघांनाही भांडणाऐवजी वाचायला काहीतरी असेल.

म्हणून आमचा कौल असा. घराला कायमचे चिकटवणारे संरक्षण नव्या करारांत परत आणू नये; त्याने दाराबाहेरचा माणूस बाहेरच राहतो. जुन्या भाडेकरूंचे हक्क मात्र सुधारणेच्या नावाखाली कापू नयेत. त्या भरवशावर पिढ्या उभ्या आहेत. आणि आज लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या बहुसंख्यांना डिपॉझिट, डागडुजी आणि पाणी-वीज या तीन बाबतींत मालकाच्या बरोबरीची जलद दाद द्यावी. मालकाला तीस दिवसांच्या समन्सची वाट देणाऱ्या राज्याला राहणाऱ्यासाठी साठ दिवसांची वाट देणे अवघड नाही. येत्या अधिवेशनात रायगडच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, ही मागणी लावून धरावी. कसणाऱ्याला न्याय मिळावा म्हणून या तालुक्याने सहा वर्षे उपास काढले. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला आपले डिपॉझिट वेळेत परत मिळावे, एवढ्यासाठी विधानसभेत एक दुरुस्ती विधेयक मांडणे ही त्या मानाने फार लहान अपेक्षा आहे.